ग्रोथ फॅक्टरचं सीरम घ्यायच्या आधी : दादरच्या काउंटरवरून

"ताई, ईजीएफवालं सीरम आहे का?" सुरकुत्या जाव्यात म्हणून चेहऱ्याला लावायच्या ग्रोथ फॅक्टरच्या सीरमचा हा प्रश्न मला हल्ली आठवड्यातून चारपाच वेळा तरी येतो. दादर ईस्टला मेडिकलच्या काउंटरला मी बारा वर्षं उभी आहे, फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पूर्वी लोक फोनवर चिठ्ठीचा फोटो दाखवायचे, आता रीलचा स्क्रीनशॉट दाखवतात आणि विचारतात की हे चांगलं का, आणि मागे पाचजण उभे असताना मला जे दोन मिनिटांत सांगता येत नाही ते इथे एकदाच नीट लिहून टाकते. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आहे हे, त्यामुळे अगदी पहिल्यापासून जाऊया.

पायरी १ : हे नक्की आहे काय ते समजून घ्या

ग्रोथ फॅक्टर म्हणजे शरीरात पेशी एकमेकींना जो निरोप पाठवतात तो निरोप. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स आणि आजूबाजूच्या पेशी हे सोडतात, निरोप असा की चला वाढा, भरून काढा, कोलाजेन (कातडीला घट्ट ठेवणारं प्रोटीन) बनवा. प्रत्येक निरोपाला त्वचेच्या पेशीवर ठरलेलं कुलूप असतं, त्यात तो बसला तरच काम सुरू होतं. ईजीएफ, म्हणजे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, हा त्यातला सगळ्यात फेमस. स्टॅन्ली कोहेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला आणि पिल्लांचे डोळे वेळेच्या आधीच उघडले, दातही लवकर आले, त्यावरून हा सापडला. १९८६ मध्ये त्यांना रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आपल्या लाळेतही ईजीएफ असतं. विळीवर बोट कापलं की आपण ते पटकन तोंडात घालतो ना, तेव्हा हेही थोडं लागतं जखमेला (जंतूही लागतात, तेव्हा नळाखाली धरा ते बोट).

पेप्टाइड म्हणजे छोटी माळ. प्रोटीन ही अमिनो अ‍ॅसिडच्या मण्यांची लांब माळ, पेप्टाइड तिचा छोटा तुकडा. ईजीएफच्या माळेत ५३ मणी आहेत. मॅट्रिक्सिल म्हणून जे पेप्टाइड मिळतं त्यात ५, आणि निळं कॉपर पेप्टाइड म्हणजे जीएचके त्यात फक्त ३. हे जीएचके लॉरेन पिकार्ट या अमेरिकन संशोधकांना १९७३ मध्ये माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मात सापडलं. दुकानात ग्रोथ फॅक्टर आणि पेप्टाइड एकाच शेल्फवर असतात, जाहिरातीत एकाच वाक्यात असतात, पण आकारात फार फरक आहे आणि सगळी भानगड या आकारातच आहे.

पायरी २ : आत जातं किती, हा एकच प्रश्न विचारा

आपली कातडी हे घराच्या खिडकीचं ग्रील समजा. मांजर आत येतं, माणूस येत नाही. २००० साली दोन डच डॉक्टरांनी एक साधा ठोकताळा मांडला, ज्याच्या रेणूचं वजन ५०० डाल्टनच्या (रेणू मोजायचं माप) वर आहे ते धडक्या कातडीतून सहसा आत जात नाही. आता बघा, जीएचके साधारण ३४०, म्हणजे मांजर. मॅट्रिक्सिल ८०० च्या आसपास, पण त्याला तेलकट शेपूट जोडलेलं असतं म्हणून ते जरा सरकतं. आणि ईजीएफ सहा हजार. म्हणजे माणूस, तोही गणपतीला गावाला जाताना असतो तसा दोन्ही हातात बॅगा घेतलेला.

मग फायदा कोणालाच नाही का? तसंही नाही. केसांच्या मुळांपाशी फटी असतात, कुठे कातडी खरचटलेली असते, तिथून थोडं जातं, आणि वरच्या थरातल्या पेशींना निरोप मिळाला तर त्या खालच्यांना पुढे पोचवतात असं मानलं जातं. पण बाटलीत किती आहे आणि आत किती पोचलं यात फार अंतर आहे. आणि दुसरी गोष्ट, सीरममध्ये ग्लिसरीन असतं, हायल्युरॉनिक असतं, नायसिनामाइड असतं, ते लावल्यावर दहा मिनिटांत चेहरा टवटवीत दिसतो, आपण म्हणतो काय मस्त ग्रोथ फॅक्टर आहे. अहो ते ग्लिसरीन आहे.

अभ्यास झालेत, नाही असं नाही. मॅट्रिक्सिलवर २००५ मध्ये एक छापून आला, ९३ बायका, १२ आठवडे, अर्ध्या चेहऱ्याला साधं क्रीम आणि अर्ध्याला पेप्टाइडवालं, कुठलं कुठे ते कोणालाच माहीत नाही. बारीक सुरकुत्यांत फरक दिसला, पण थोडा. तो कॉस्मेटिक कंपनीच्याच लोकांनी केलेला. ग्रोथ फॅक्टरच्या सीरमांवरचे बरेचसे असेच, वीसतीस जणांवर, आणि बाटलीत एकाच वेळी दहा गोष्टी, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं कळत नाही. माझं मत विचाराल तर बारीक रेषा आणि पोत यात थोडा फरक पडू शकतो, लोंबलेली कातडी वर येत नाही, खड्डे भरत नाहीत.

खरी कमाल बघायची तर जखमेवर बघा. तिथे ग्रीलच नसतं ना. पीडीजीएफ नावाच्या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचं बेकाप्लर्मिन जेल अमेरिकेत १९९७ पासून मधुमेहाच्या पायाच्या जखमेसाठी मान्य आहे, आपल्याकडे हैदराबादच्या भारत बायोटेकचं ईजीएफ जेल आहे त्याच कामासाठी. मी स्वतः अशी जेल चिठ्ठीवर दिलीत आणि दोनतीन महिन्यांनी तेच आजोबा चप्पल घालून स्वतः चालत आलेले पाहिलेत (ड्रेसिंग, शुगर, अँटिबायोटिक हे सगळंही होतं त्यात, नुसत्या जेलचं कौतुक नको). म्हणजे वस्तू खोटी नाहीये, लबाडी आहे ती जखमेवरचं कौतुक धडक्या गालावर चिकटवण्यात.

आणि आता हे लक्षात ठेवा कारण पुढे सगळीकडे लागणार आहे : आत जात नाही म्हणून फायदा कमी, आणि आत जात नाही म्हणूनच धोकाही कमी. जो कोणी तुम्हाला "आम्ही आतपर्यंत पोचवतो" म्हणेल तो धोकाही आतपर्यंत पोचवतोय.

पायरी ३ : आधी स्वस्तातलं करून झालंय का बघा

सकाळी सनस्क्रीन, रात्री मॉइश्चरायझर, आणि चालत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्री ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलिन (व्हिटॅमिन एच्या जातीतली लावायची औषधं). ट्रेटिनॉइनवर कित्येक दशकांचा पुरावा आहे आणि ट्यूब तीनचारशेच्या आत येते (गरोदर असाल किंवा राहायचं चाललं असेल तर नाही, बिलकुल नाही). हे सहा महिने नीट केलं नसेल तर चार हजारांची बाटली घेऊ नका. माझ्याकडे एक मुलगी येते, ठाण्याहून रोज लोकलने, खिडकीची सीट मिळाली की खूश, आणि तासभर एका गालावर ऊन. सनस्क्रीन लावत नाही कारण घामाने पांढरे ओघळ येतात. तिला ग्रोथ फॅक्टर हवं होतं. मी म्हटलं अगं एकीकडे ऊन कोलाजेन तोडतंय, दुसरीकडे तू ते बांधायला निरोप पाठवतेयस. जेल सनस्क्रीन घेऊन गेली शेवटी, ओघळ येत नाहीत म्हणे.

आणि मानेवरचा काळा पट्टा. हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे जरा थांबते. मान काळी पडलीय, मखमलीसारखी जाड झालीय, काखेतही तसंच आहे, बारीक चामखिळी आल्यात, आणि माणूस म्हणतो पेप्टाइडचं क्रीम द्या. हे बऱ्याचदा इन्सुलिनचं काम असतं. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की ते आयजीएफ नावाच्या ग्रोथ फॅक्टरच्या कुलपालाही लागतं आणि कातडी जाड व्हायला लागते. म्हणजे तिथे वाढीचा निरोप आधीच जास्त झालाय, तुम्ही वरून अजून कशाला लावताय? शुगर तपासा, पोटाचा घेर मोजा. घासून ती मान गोरी होत नाही, आणि बिचाऱ्या शाळकरी मुलांना आया अजूनही आंघोळीला दगडाने मान घासतात, नका करू.

पायरी ४ : तुम्ही लावायचं की नाही

इथे घाई करू नका. ज्यांना कातडीचा कॅन्सर होऊन गेलाय, किंवा एखादा तीळ आकार, रंग बदलतोय, त्यातून रक्त येतंय, त्यांनी लावायचं नाही, आधी डॉक्टर. कारण साधं आहे, वाढ असा निरोप चांगल्या पेशीलाही जातो आणि बिघडलेल्या पेशीलाही. मघाच्या बेकाप्लर्मिन जेलवर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारं तिथलं सरकारी खातं) २००८ मध्ये कॅन्सरबद्दलची मोठी चौकटीतली सूचना टाकली होती, पुढचे अभ्यास बघून २०१८ मध्ये ती चौकट काढली, पण लावायच्या जागी कॅन्सर असेल तर वापरू नका हे राहिलंच. कॉस्मेटिक सीरम लावून कोणाला कॅन्सर झाला असं सिद्ध झालेलं नाही, हेही तितकंच खरं, घाबरवायचं नाहीये मला.

आमच्या दुकानात टाटा हॉस्पिटलचे कॅन्सरचे पेशंट येतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेले असतात त्यातले बरेच. काहींना एर्लोटिनिब, जेफिटिनिब अशा गोळ्या असतात. या गोळ्या ईजीएफचं तेच कुलूप बंद करतात, आणि तोंडावर पिंपल्ससारखं पुरळ येतं, कातडी कोरडी ठाक पडते. मला पहिल्यांदा हे कुलूप प्रकरण पुस्तकात नाही, त्या काउंटरपलीकडच्या चेहऱ्यांवर समजलं. तर अशी औषधं चालू असतील, तुमची किंवा घरात कोणाची, तर त्या माणसाला रील बघून काही लावू नका, ज्यांनी गोळ्या लिहिल्यात त्यांनाच विचारा.

सोरायसिस असेल तर थांबा, तिथे कातडी आधीच धावतेय. जखम झाली की जाड गाठाळ व्रण उठतो अशी कातडी असेल तर विचारून. गरोदरपणात पेप्टाइडने काही वाईट झालंय असं नाही, पण त्या नऊ महिन्यांत अभ्यास न झालेल्या गोष्टी कशाला, खोबरेल आहे ना. आणि वांग असलेल्या बायकांनी जरा पुढचं वाचा. बीएफजीएफ नावाचा ग्रोथ फॅक्टर रंग बनवणाऱ्या पेशींनाही वाढवतो. आपल्याकडे कोडावर रंग भरून यावा म्हणून त्याच्याशी नातं असलेल्या डेकापेप्टाइडचं लोशन स्किनचे डॉक्टर लिहून देतात, मी देते चिठ्ठीवर. आता जी गोष्ट रंग आणायला वापरतात तिचाच भाऊ वांगाच्या गालावर लावायचा का? सीरमने वांग वाढतो असं मी म्हणत नाही, पण मला वांग असता तर मी नसतं लावलं.

पायरी ५ : बाटली उलटी करा

पुढचं वाचू नका, मागचं वाचा. अक्षर बारीक असतं, फोनचा कॅमेरा लावून झूम करा, मीही तेच करते, चाळिशी लागलीय. ईजीएफ असं मागे लिहिलेलं नसतं. तिथे छोटं एस, छोटं एच, मग डॅश, मग ऑलिगोपेप्टाइड-१ असं असतं. एस म्हणजे सिंथेटिक, एच म्हणजे ह्यूमन, म्हणजे माणसाच्या प्रोटीनची नक्कल, जिवाणूंकडून किंवा रोपांकडून बनवून घेतलेली. आइसलँडमध्ये तर सातूच्या रोपात बनवतात. पॉलिपेप्टाइड-१ असेल तर तो बीएफजीएफ, वांगवाल्यांनी तेवढं नाव लक्षात ठेवा. मॅट्रिक्सिल म्हणजे पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-४. आर्जिरलाइन म्हणजे असिटाइल हेक्झापेप्टाइड-८, ज्याला बाटलीतलं बोटॉक्स म्हणून विकतात, पण बोटॉक्स सुईने थेट स्नायूत जातं आणि हे ग्रीलबाहेर उभं, तुलनाच नको.

कंडिशन्ड मीडिया असं दिसलं तर ते माणसाच्या पेशी वाढवून त्यांच्याखालचं पाणी घेतलेलं असतं. युरोपात माणसाच्या पेशींपासून काढलेलं कॉस्मेटिकमध्ये चालत नाही, अमेरिकेत आणि कोरियात विकतात. सफरचंदाच्या स्टेम सेल, गोगलगायीचा चिकट द्रव, प्लांट ग्रोथ फॅक्टर हे सगळं वेगळं खातं. सफरचंदाचा निरोप आपल्या कुलपाला कसा लागेल, मला तरी कळत नाही.

यादीत क्रम बघा. जे जास्त ते आधी, आणि एक टक्क्याच्या खालचे कसेही लिहिलेले चालतात. फेनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह जास्तीत जास्त एक टक्का घालतात, त्यामुळे त्याच्या मागे जे काही आहे ते एक टक्क्याहून कमी. ईजीएफ तिथे शेवटीच असणार, आणि ते ठीकच आहे, कारण ही गोष्ट पीपीएममध्येच (दहा लाख भागांत किती भाग) लागते. मॅट्रिक्सिलच्या त्या अभ्यासातही ३ पीपीएमच होतं. म्हणून "दहा टक्के पेप्टाइड कॉम्प्लेक्स" वाचून हुरळू नका, ते कॉम्प्लेक्स म्हणजे बहुतेक पाणी आणि ग्लिसरीन.

इम्पोर्टेड असेल तर भारतातल्या इम्पोर्टरचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन नंबर लेबलवर हवा, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्ये आहे ते. इथलं असेल तर लायसन्स नंबर, बॅच, एक्स्पायरी. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत किंवा कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोरियन अ‍ॅम्प्यूल्स निम्म्या भावात मिळतात, लेबल नाही, खोक्यावर नुसती परकी अक्षरं, ती घेऊ नका. आणि तीन दिवसांत उजळ करणारं पेप्टाइड क्रीम हे पेप्टाइड नसतंच, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड नाहीतर पारा असतो. २०२३ मध्ये अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला त्रास झाला, त्या वापरत होत्या ते क्रीम मुंबईत केईएमला तपासलं तर पारा निघाला, पेपरात आलं होतं. लेबलवर संशय आला तर आपल्या महाराष्ट्राच्या एफडीएचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं, ऑफिस बीकेसीला आहे, तक्रार करता येते, लोक करत नाहीत ही वेगळी गोष्ट.

पायरी ६ : घरी आणल्यावर

प्रोटीन उन्हात टिकत नाही. अंडं तव्यावर पडल्यावर परत कच्चं होत नाही ना, तसंच. मे महिन्यात ऑनलाइन मागवलेलं पार्सल दुपारी बाराला वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये पडतं आणि तुम्ही रात्री आठला उचलता, त्या बाटलीत मग काय उरलं देवाला माहीत. ऑफिसच्या पत्त्यावर मागवा किंवा मे सोडून मागवा. साठवायचं कसं ते खोक्यावर असतं, थंड जागी लिहिलं असेल तर मुंबईत थंड जागा म्हणजे फ्रिजच. दाराच्या कप्प्यात, फ्रीजरमध्ये नाही. घरच्यांना सांगून ठेवा, आमच्याकडे सासूबाईंनी माझी बाटली व्हॅनिला इसेन्स समजून शिऱ्यात टाकायला काढली होती. ड्रॉपर गालाला टेकवू नका. पावडर आणि पाणी वेगळं असलेली कुपी असेल तर मिसळल्यावर किती दिवस चालते ते बघून तारीख पेनने लिहा वर.

पहिल्या दिवशी चेहऱ्याला लावायचं नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सात दिवस. खाज, लाली, फोड काही नाही, तर मग चेहरा. आपण सगळे हे सात दिवस टाळतो, मीही टाळायचे.

पायरी ७ : लावायचं कसं

रात्री, तोंड धुऊन, टिपून, दोनतीन थेंब, वर मॉइश्चरायझर. झालं. आठवड्यातून तीनदा सुरुवात, मग रोज. अ‍ॅसिडवालं काही, म्हणजे ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक, त्याच वेळी नको. कॉपर पेप्टाइडचा थेंब तळहातावर घेतला की मोरचुदाच्या पाण्यासारखा निळा दिसतो, तो निळा रंग तांब्याचा, आणि तांबं व्हिटॅमिन सीला खराब करतं, म्हणून सी सकाळी आणि हे रात्री. मी एकदा उत्साहात अ‍ॅसिड, रेटिनॉल आणि पेप्टाइड एकावर एक थापून झोपले, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गर्दीत घाम आल्यावर गाल असे चरचरले की कुर्ल्याला उतरून प्लॅटफॉर्मच्या नळाखाली तोंड धरलं. ऑफिसला जाणाऱ्या बायका बघत होत्या. त्यात पेप्टाइडचा दोष नव्हता, माझ्या हावरटपणाचा होता.

पायरी ८ : टोचू नका

यासाठीच खरं तर लिहायला बसले. माझी वहिनी, भाच्याच्या मुंजीच्या तीन आठवडे आधी तिने ऑनलाइन डर्मारोलर मागवला, म्हणजे चेहऱ्यावर फिरवायचा सुयांचा रूळ, दीड मिलिमीटरच्या सुयांचा, आणि कुठलंसं ग्रोथ फॅक्टर सीरम. रोलर फिरवून वर सीरम, व्हिडिओत बाई तसंच करत होती. दोन दिवस चेहरा लाल, ते अपेक्षितच म्हणाली. पाचव्या दिवशी गालांवर कडक बारीक गाठी, साबुदाणा भिजवल्यावर हाताला लागतो तशा, ज्या मार्गाने रोलर फिरला अगदी त्याच ओळींत. मला फोटो पाठवला तेव्हा मी म्हटलं वहिनी, अगं आधी ते बंद कर आणि उद्या सकाळी स्किन ओपीडीला चल माझ्याबरोबर. म्युनिसिपल हॉस्पिटलात केसपेपर काढला, अडीच तास लाइनीत, डॉक्टर मुलगी तरुण होती, गालावरून बोट फिरवून पहिला प्रश्न विचारला की सीरममध्ये काय काय होतं. वहिनीने खोका कचऱ्यात टाकलेला. बाटलीवर फक्त पुढचं चकचकीत नाव. मुंजीत वहिनी अख्खा दिवस मेकअपशिवाय, सगळ्यांना अ‍ॅलर्जी झालीय सांगत फिरत होती, गाठी बसायला दोन महिने गेले.

का झालं ते बघा. सीरम बनवताना ते बाहेर राहणार हे धरून बनवलेलं असतं. त्यातला सुगंध, प्रिझर्वेटिव्ह, घट्ट करणारे पदार्थ ग्रीलबाहेर निरुपद्रवी, पण सुईने भोकं पाडून आत ढकलले की शरीर त्यांना परकं समजून भोवती गाठी बांधतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशाच केसेस छापल्या होत्या, मायक्रोनीडलिंग करताना वरून लावलेल्या सीरममुळे. आणि सुई आली की रक्त आलं, रक्त आलं की बाकीचंही येतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये स्वतःच्या रक्ताचं फेशियल करून घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाल्याचं तिथल्या सीडीसीने (रोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये जाहीर केलं.

म्हणून पार्लरमध्ये "ग्रोथ फॅक्टर फेशियल विथ नीडल" असा बोर्ड दिसला तर उठून या. करायचंच असेल तर स्किनच्या डॉक्टरांकडे, आणि तिथेही विचारायला लाजू नका : डॉक्टर तुम्ही स्वतः करणार ना, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर कुठला, सुई नवी समोर फोडणार का, वरून जे लावणार ते टोचलेल्या कातडीवर चालतं असं त्यावर लिहिलंय का. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त फिरवून प्लेटलेट्स काढतात, त्यात पीडीजीएफ, ईजीएफ वगैरे तुमचेच असतात, तिथे सगळा प्रश्न स्वच्छतेचा आणि हाताचा. एक्झोसोमचं (पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या) सध्या पेव फुटलंय, अमेरिकेच्या एफडीएने टोचायचं एकही एक्झोसोम प्रॉडक्ट मंजूर केलेलं नाही. आणि "फक्त संशोधनासाठी" असं लिहिलेल्या पेप्टाइडच्या कुप्या मागवून घरी इन्सुलिनच्या सुईने टोचून घेणारी जिमची पोरं मला माहीत आहेत, सुया माझ्याकडेच घ्यायला येतात, मी विचारते शुगर आहे का तुला, तर हसतात. देत नाही मी.

पायरी ९ : बारा आठवडे, आणि खोका

फरक पडतोय की नाही हे आरशाला विचारू नका, आरसा रोज तेच सांगतो. एकच खिडकी, सकाळची एकच वेळ, मेकअप नाही, फिल्टर नाही, पहिल्या दिवशी एक फोटो आणि बारा आठवड्यांनी एक. वरची कातडी बदलायला साधारण महिना जातो, चाळिशीनंतर जास्त, त्यामुळे पंधरा दिवसांत निकाल लागत नाही. दोन फोटो शेजारी ठेवून तुमच्या बहिणीला विचारा यातला आधीचा कुठला. तिला ओळखता आलं नाही तर दुसरी बाटली घेऊ नका, आणि उरलेलं हाताच्या पाठीला लावून संपवा. मध्येच खाज, फोड, गाठ, नवे डाग काहीही आलं तर लगेच बंद. त्यावर दुसरं काही लावून झाकायला जाऊ नका आणि बेटनोव्हेट (स्टेरॉइडचं क्रीम) तर माझ्याकडे मागायलाच येऊ नका.

आणि खोका टाकू नका. सीरम संपेपर्यंत कपाटात ठेवा, जागा नसेल तर चारी बाजूंचे फोटो काढून ठेवा फोनमध्ये, बिलासकट. ओपीडीतल्या त्या मुलीने वहिनीला विचारलेला प्रश्न तुम्हाला कोणी विचारला तर निदान दाखवायला काहीतरी असू दे.